भाऊजींच्या सुराचं बटन

माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात भाऊजींनी माझ्या स्टुडिओत शिरून माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बदललं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चोरी केली असती तर मी एखादवेळेस माफही केलं असतं. पण त्यांनी मला ते भेट म्हणून दिलं होतं, आणि भेटीवर ओरडताही येत नाही.

किल्ली मीच दिली होती. नागपूरच्या महाल भागात भांड्यांच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून रोज तासभर पंखा लावून या, एवढंच सांगितलं होतं. त्या खोल्यांत मी महिला भजनी मंडळं, मंगलाष्टकं, शाळांची स्वागतगीतं रेकॉर्ड करते. बारा वर्षं एकच सॉफ्टवेअर, एकच आवृत्ती. कोणतं बटन कुठे आहे ते मला पडद्याकडे न बघता कळायचं. बोटं चालत राहायची आणि मी गायिकेशी गप्पा मारत असायची.

भाऊजी कोराडीच्या वीज केंद्रात आहेत, कॉलनीतच क्वार्टर आहे. दर नवरात्रासाठी ते माझ्याकडे देवीची गाणी रेकॉर्ड करायचे आणि घटस्थापनेपासून नऊ दिवस सकाळी कॉलनीच्या मांडवात ती लागायची. कॉलनीत त्यांचा मान होता तो या गाण्यांमुळे. आता खरं सांगते. भाऊजी बेसूर आहेत. थोडेथोडके नाही, जवळजवळ अर्धा स्वर खाली गातात, आणि डोळे मिटून, भक्तिभावाने खाली गातात.

पहिल्या वर्षी मांडवात बहिणीची मान खाली जाऊ नये म्हणून मी त्यांचा एकेक स्वर माउसने धरून जागेवर नेऊन ठेवला. एका गाण्याला आठ दिवस लागले. सगळं सरळ केलं असतं तर आवाज खोटा वाटला असता, म्हणून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतानाचा त्यांचा कंप तसाच राखला, श्वासही राखले. कुणालाही कळलं नाही. मी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी सांगायला उशीर झाला होता, आणि मग बारा वर्षं मी गप्प बसले.

काळा चष्मा लावून मी स्टुडिओत परत आले आणि संगणक सुरू केला तर समोर राखाडी पडदा. मेन्यू वरून डावीकडे गेलेला. ज्या बटनाने मी बारा वर्षं कापाकाप केली, त्याने आता रेकॉर्डिंग सुरू होत होतं. पहिल्याच दिवशी त्यापायी एका मंडळाचं अर्धं भजन पुसलं गेलं आणि बायकांना पुन्हा बोलवावं लागलं. सूर ओढायचं माझं जुनं साधन या नव्यात चालतच नव्हतं. जुनी आवृत्ती शोधली, तर ती भाऊजींनी जागा मोकळी करायला काढून टाकलेली.

मी फोन केला. "भाऊजी, मला न विचारता काहून केलं हे?"

"अगं, सरप्राइज होतं ना तुले! दुकानातला माणूस आणून बसवून घेतलं. आता एक बटन आहे म्हणे त्याच्यात. दाबलं की आवाज आपोआप सुरात. तू एका गाण्याले आठ-आठ दिवस काय करत होती वं इतकी वर्षं?"

मी फोन ठेवला. तरी हे एवढ्यावर राहिलं असतं. पण पुढच्या रविवारी भाऊजी रेकॉर्डिंगला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत सीताबर्डीचं भजनी मंडळ बसलं होतं, आणि त्या अकरा बायकांसमोर ते हसत म्हणाले, "आता तुमचं काम एका तासात होते बरं का. आमची मेहुणी आतापर्यंत उगाच वेळ लावून राहिली होती. सगळं मशीनच करते." बायका हसल्या. एकीने विचारलं, "मग ताई, आम्हाले काहून चार चकरा मारायले लावता?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चहा आणते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. यांना मांडवातच तोंडघशी पाडायचं, हे मी तिथे ठरवलं.

श्रावण, भाद्रपद मी ते सॉफ्टवेअर शिकले. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे आणि वहीत बटनं लिहायची. रोज शिव्या घातल्या. माझा हात सवयीने जुन्या जागी जायचा, तिथे काही नसायचं, आणि प्रत्येक वेळी मला भाऊजींचा हसरा चेहरा दिसायचा. रागाने माणूस लवकर शिकतो, हे मी अनुभवाने सांगते. गणपती उठेपर्यंत मला ते जुन्याइतकं यायला लागलं. स्वर हाताने ओढायची सोय नव्यातही होती, तीन मेन्यूंच्या आत दडवलेली, आणि खरं बोलायचं तर जुन्याहून चांगली.

मग मी भाऊजींच्या आवाजावर ते प्रसिद्ध बटन दाबून पाहिलं. मला खुर्चीत बसवेना इतकं हसू आलं. यंत्र बिचारं जवळचा सूर शोधतं आणि आवाज तिथे नेऊन चिकटवतं. भाऊजी इतके उतरलेले की त्याला जवळचा सूर खालचाच वाटायचा. शुद्ध गंधार हवा तिथे ते ठामपणे कोमल लावत होतं. देवीला उत्साहाने हाक मारणारं गाणं मध्येच रडायला लागायचं, पुढच्या ओळीत सावरायचं, पुन्हा रडायचं. शिवाय आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

मी हाताने एकही स्वर हलवला नाही. त्यांनी सांगितलं तेच केलं, बटन दाबलं. माझ्याकडच्या प्रत्येक गाण्याआधी गायकाचं नाव आणि मग "ध्वनिमुद्रण" म्हणून माझं नाव मी माझ्याच आवाजात सांगते. सवयीने तेही जोडलं आणि फाइल पाठवून दिली. भाऊजींनी ती ऐकली नाही. बारा वर्षांत एकदाही आधी ऐकली नव्हती, तेवढा विश्वास होता.

घटस्थापनेला मी मुद्दाम पहाटेच्या बसने कोराडीला गेले. मांडवात दोनशे माणसं तरी होती. बहीण आरतीचं ताट घेऊन पुढे उभी, भाऊजी नवा कुर्ता घालून साउंडवाल्याशेजारी. आधी माझं नाव लागलं, मग गाणं. पहिलं रडणं आलं तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्याला पोरं खिदळली. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला आणि मला, देवीसमोर उभी राहून सांगते, फार बरं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही. लोक वळून भाऊजींकडे नाही, माझ्याकडे बघत होते. शेजारची बाई दुसरीला म्हणाली, "डोयाचं ऑपरेशन झालं ना त्यांचं, कानावरही परिणाम झाला वाटते." आणि भाऊजींनी माइक घेतला. "जाऊ द्या मंडळी," ते मोठ्या मनाने म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअर आहे, तिले झेपलं नाही. वय होते माणसाचं."

तिथे माझा ताबा सुटला. मी साउंडवाल्याच्या हातातली वायर घेऊन माझ्या फोनला लावली. त्यांचा मूळ आवाज मी सोबत नेला होता, बहुतेक असंच काही करायला. ना पेटी, ना ढोलकी, नुसता भाऊजींचा गळा. तो मांडवाच्या चारही भोंग्यांतून कॉलनीभर गेला. कुणी हसलं नाही. लोक खाली बघायला लागले. एक कडवं पूर्ण होऊ दिलं आणि मग लगेच गेल्या वर्षीचं, मी आठ दिवस बसून केलेलं गाणं लावलं.

"हे मशीनने नाही केलं, भाऊजी," मी साउंडवाल्याजवळचा माइक उचलून म्हटलं. "हे मी केलं. बारा वर्षं."

ते जवळ आले, माइकवर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षीपासून. मले माह्या गळ्याचं समजत नाही का? तू बोलली नाही, मी बोललो नाही."

मला वाटलं होतं की हे ऐकून मी वितळेन. उलट भडकले. माहीत नसतं तर तो अडाणीपणा होता. माहीत असून अकरा बायकांसमोर मला उगाच वेळ लावणारी ठरवलं, याला काय म्हणायचं? बहीण ताट हातात घेऊन तशीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "घरी बोलली असती तं चाललं नसतं का वं?" मी तिच्या घरी न जाता बस पकडली.

भाऊजींनी त्यानंतर गाणं सोडलं. बहीण माझ्याशी सणावारापुरतं बोलते. स्टुडिओ चालतो. आठ दिवस मी काय करते हे आता कुणी विचारत नाही, ते सगळ्या नागपूरला कळलंय. पण प्रत्येक गायक निघताना दारात घुटमळतो आणि विचारतो, "ताई, आमचा मूळ आवाज पुसला ना?" मी त्यांना आत बोलावते, खुर्चीवर बसवते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुसते. काही जण दोनदा तपासून घेतात.

भाऊजींचा पुसलेला नाही. बाराही वर्षांचा जपून ठेवला आहे.