साहेबांपुढचा टँक

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. तसा तो वाईट नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, आणि घरांचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारं आमच्या ऑफिसात कुणी नाही. जिना तर असा काढतो की बघूनच चढून जावंसं वाटतं. पण जेवणाची सुट्टी झाली की मला त्याच्याकडे बघवत नाही.

सुट्टीत आमच्याकडे टँकांची लढाई चालते. सगळे कम्प्युटर एकमेकांना जोडलेलेच आहेत. ज्या वायरींवरून दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं आणि संडास फिरतात, त्यांवरूनच मग तोफगोळे सुटतात. निम्मे लाल, निम्मे निळे. प्रत्येकाच्या टँकच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं. गोळा बसला की मेलात. फेरी संपेपर्यंत दुसऱ्यांची मारामारी बघत डबा खायचा. हे खूळ साहेबांनीच आणलं. खेळायला ते आमच्यात येऊन बसतात, माझ्या या शेजाऱ्याच्या पलीकडच्या खुर्चीवर, आणि बसल्या बसल्या बूट काढतात. त्या मोज्यांबद्दल मी काही लिहीत नाही. माझा डबा निम्मा परत जातो, एवढंच सांगते.

साहेबांना खेळता येत नाही. त्यांचा टँक भिंतीला धडका मारतो, नाहीतर मोकळ्या मैदानात उभा राहून ढगांवर गोळे टाकतो. तरी ते रोज शेवटपर्यंत जिवंत. कारण फेरी सुरू झाली रे झाली, की हा आपला टँक नेऊन त्यांच्यापुढे आडवा लावतो आणि येईल तो गोळा स्वतःच्या अंगावर घेतो. रोज पहिला मरणारा हाच, आणि मेलेला टँकही फेरी संपेपर्यंत साहेबांपुढे तसाच आडवा. मेला की तोंडभर हसतो. साहेबांच्या माघारी याला सगळे 'ढाल' म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि याला ते कौतुक वाटतं. साहेबांची थुंकी झेलणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण त्यासाठी रोज हातातला घास खाली ठेवणारा हा एकटाच.

बरं, येत नाही म्हणून मरतो म्हणावं, तर तसंही नाही. एकदा साहेब रजेवर होते. त्या दिवशी हा पुलाच्या आड टँक लावून गप्प बसला आणि आम्हा निळ्यांना एकेक करून टिपलं. हा मला विसरला असं वाटत होतं, तेवढ्यात माझाही निकाल लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याने आधी दाराकडे पाहिलं, साहेब आले की काय म्हणून.

हे सगळं कशासाठी, तर नकाशा विभागाच्या प्रमुखाच्या जागेसाठी. जुने प्रमुख निवृत्त झाले होते आणि त्यांची केबिन रिकामी होती. याच्या घरी दोन खोल्या, बायको, दोन मुली आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर सासूबाई. मला एकदा म्हणाला, "ताई, पगाराचं एवढं नाही हो. मला दार हवंय. आतून लावता येईल असं. घरी एकच आहे, न्हाणीघराचं, आणि तिथंही सासूबाई ठोठावतात." हे ऐकून मात्र मला त्याची दया आली. बायकोने तर केबिनच्या खुर्चीसाठी उशीही शिवून दिली होती, जाड कापडाची, कडेला टीप घातलेली. ती त्याने खालच्या खणात पिशवीत घालून ठेवली होती.

आणि मग साहेबांनी जाहीर केलं की बाहेरून माणूस येतोय. मला राहवलं नाही. सह्या घ्यायला गेले होते, तिथेच विचारलं, माझ्या शेजारच्याला का नाही?

"माणूस चांगला आहे हो," साहेब म्हणाले. "पण रोज बघता ना तुम्ही? पहिल्या झटक्यात मरतो. ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही, त्याच्या हाती दहा माणसं कशी द्यायची?"

बाईसाहेब, ते मनापासून बोलताहेत, मी स्वतःला बजावलं. या माणसाला खरंच वाटतं की आपण खेळतो.

बाहेर आले आणि सगळं याला जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता तरी याचं रक्त तापेल, उद्या निदान एक गोळा तरी त्या ढगफोड्या टँकवर टाकेल. याने चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे साहेबांना काही कळलंच नाही?"

"नाही."

"कधी शंकासुद्धा आली नाही?" त्याचा चेहरा उजळला. "मग चांगलं जमलं म्हणायचं, ताई."

याच्यापेक्षा साहेबांचे मोजे परवडले.

नवे प्रमुख आले आणि पहिल्याच दिवशी सुट्टीत खेळायला बसले. साहेब लालमध्ये, म्हणून नव्यांना निळ्यात घेतलं. आमच्या सगळ्यांचे डबे उघडेच राहिले, कारण आता ढाल कुठे जाणार हे बघायचं होतं. तो टँक घेऊन पुलापर्यंत आला. नळी लालकडे वळवली, मग निळ्याकडे, मग पुन्हा लालकडे. शेवटी पुलाच्या मधोमध आडवा उभा राहिला, दोघांनाही गोळा लागू नये म्हणून. दोन्हीकडून एकदमच गोळे आले आणि दोन्ही यालाच बसले. दोन्ही साहेब पोट धरून हसले. नव्यांनी विचारलं, हा कोण? साहेब म्हणाले, हा आमचा जिनेवाला, हात चांगला आहे, पण खेळात अगदी कच्चा. हाही मान डोलावून हसला.

हसता हसता नवे प्रमुख खुर्चीत चुळबुळले आणि म्हणाले, इथल्या खुर्च्या फार टणक आहेत बुवा. हा लगेच वाकला, खालचा खण ओढला आणि पिशवीतून उशी काढली. ती मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिली. मधोमध त्याच्या बायकोने निळ्या दोऱ्याने याचं नाव भरलं होतं. ते खाली जाईल अशी त्याने उशी उलटी केली, हाताने नीट दाबली आणि नव्या साहेबांना म्हणाला, "जरा उठता का?"