हुंगलेलं फूल

आमच्या थोरल्या काकांसारखं नाक उभ्या नाशकात दुसरं नव्हतं, आणि त्या नाकावर रागही कायमचा मुक्कामाला असे. कोणाकडे जेवायला गेले की उंबऱ्यातूनच ओरडत, "फोडणी करपलीय!" आणि ती खरोखरच करपलेली असे, ही यजमानांची अडचण. देवाची फुलं मात्र ते कधी हुंगत नसत, कारण हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. पण माळीणबाईची पाटी हातभर लांब असतानाच सांगत, "यातला एक गुलाब कालचा आहे."

एका हिवाळ्यात मोठं पडसं येऊन गेलं आणि काकांना सगळं गावच लबाड वाटू लागलं. तूप भेसळीचं, तपकीर म्हणजे नुसती माती, गुलाब कागदाचे! त्यांच्या वतीने मीही तावातावाने माळीणबाईशी भांडलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पहाटं तोडलेली फुलं हायेत, दादा. वास नाय म्हन्ता, मंग काकांचं नाक बघा की!" मला भयंकर राग आला, कारण ती खरं बोलत होती. पुढे काकांनी भांडणंच सोडली. दोन घास खाऊन पानावरून उठत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. वैद्यबुवा म्हणाले, "वय झालं." घरचे म्हणाले, "हट्टीपणा, दुसरं काय!" अजून संताप येतो मला. पाय मोडला असता तर हीच मंडळी पाळीपाळीने उशाशी बसली असती. नाक गेलं, तर त्याची साधी विचारपूस नाही!

एका सकाळी पूजेत काकांनी देवाचा गुलाब उचलला आणि सरळ नाकाला लावला. काकू किंचाळल्या, "अहो, देवाचं फूल!" काका जोरजोरात श्वास ओढत राहिले. मग फूल खाली ठेवून म्हणाले, "काही नाही गं. काहीच येत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी प्रथमच पाहिलं. मला राहवलं नाही. तेच फूल उचलून मी हुंगलं.

"कसा आहे?" काकांनी विचारलं.

"छान आहे."

"छान?" काका ताठ झाले. "गाढवा, छान हा काय वास झाला? गोड की उग्र? नीट सांग!"

"गोड... थोडा वेलदोड्यासारखा."

"हं. मग पहाटेचाच आहे."

त्या दिवशी काकांनी भात मागून घेतला. पुढे तीन वर्षं रोज सकाळी मी एक गुलाब हुंगला आणि रोज शिव्या खाल्ल्या.

आता काका नाहीत. माळीणबाई अजूनही एक गुलाब वेगळा देते. मी तो हुंगतो आणि मुद्दाम मोठ्याने म्हणतो, "छान आहे." कोणीच ओरडत नाही.