टेपची मोटर

आठवीच्या विज्ञान प्रदर्शनात, पाहुणे यायच्या ऐन वेळी, माझी मैत्रीण रेखा हिच्यावर अन्याय झाला. उन्हावर चालणारी छोटी गाडी तिनं बनवली होती, आणि सर म्हणाले, "गाडी पोरं चालवतील. पोरींनो, तुम्ही स्वागताला थांबा."

आज नांदेडात एका दुरुस्तीच्या दुकानात जुना टेपरेकॉर्डर उघडून ठेवलेला होता. त्याच्या तेलकट, रबरी वासानं मी थेट लातूरच्या त्या शाळेच्या मैदानात जाऊन पोचले.

रेखानं गाडीला घरच्या बिघडलेल्या टेपची मोटर बसवली होती. गाडी जोरात पळावी म्हणून पोरांनी ती काढून खेळण्यातल्या रेसिंग गाडीची लावली. सेलवर ती भिंगरीसारखी फिरायची, पण तिला करंट लई लागायचा आणि आमची सोलर प्लेट तळहाताएवढी. पाहुण्यांसमोर गाडी जागची हलेना.

"धक्का मारा रे, एसटी हाय ती!" मागून कुणीतरी ओरडलं.

रेखा स्वागताची रांग सोडून आली. "सर, ही मोटर खादाड हाय. माझी थोडक्यात भागवती."

तिनं दोन वायरी पिळून आपली मोटर जोडली. गाडी कुरकुरत, रमतगमत निघाली आणि थांबायचं नाव न्हाई! रेखा तिच्यामागं हसत चालली होती. सर असे टाळ्या वाजवत होते, जणू गाडी त्यांचीच.

तेव्हा मला नुसती मजा वाटली. ती आजही वाटते, पण आता रागही येतो. पोरांची मोटर चालली असती, तर रेखाचं नाव कुणी घेतलं असतं?

तुमच्या गावच्या शाळेत प्रदर्शन भरेल तेव्हा जा, आणि सगळ्यांदेखत विचारा, गाडी बनवली कुणी आणि चालवतंय कोण?