शाळेच्या व्हरांड्यातली ओटी

उल्हास नदीचं पाणी बेलवलीतल्या चाळींत शिरलं, तेव्हा आमच्या शाळेचे वर्ग त्या लोकांसाठी उघडले. कोरोना अजून गेला नव्हता. म्हणून एका वर्गात एकच कुटुंब, खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, आणि दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही. ही शिस्त सांभाळायला मुख्याध्यापकांनी मलाच नेमलं, कारण माझा आवाज मैदानापलीकडे जातो.

पण माणसं ऐकतील तर शपथ! इकडून मीठ, तिकडून चहा. "अहो बाई, शेजारीच तर आहोत!" मी ओरडायची, बायका फिदीफिदी हसायच्या.

चौथीच्या वर्गात एक सासू, तिचा मुलगा आणि सातवा महिना लागलेली सून होती. पोरीला दमा. हिला लागण झाली तर दोन जीव धोक्यात, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. आणि नेमकं पाणी शिरलं त्याच दिवशी तिचं डोहाळजेवण ठरलेलं! पाण्यातून निघताना सासूबाईंनी काय वाचवावं? हिरवी साडी, नारळ आणि कुंकवाचा करंडा. आधार कार्ड, रेशन कार्ड सगळं घरात. मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी खिचडी वाटून झाली आणि बघते तर काय, सगळ्या बायका मुठीत तांदूळ घेऊन चौथीच्या दाराशी! सगळ्यांत पुढे भाजीवाली मावशी. मास्क हनुवटीवर. "पहिली ओटी मी भरणार!"

माझं डोकंच फिरलं. "मागे व्हा सगळ्या! ओटी फक्त घरच्या बाईने भरायची. बाहेरचा हात लागता कामा नये!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला आधी कळेचना काय झालं ते. मग लक्षात आलं, घरची बाई म्हणजे एकट्या सासूबाई, आणि त्यांचा नवरा जाऊन वर्षं झालेली. त्या केव्हाच मागे फळ्याशी जाऊन उभ्या होत्या.

"मी नाही हो भरायची, बाई. पोरीचं काही वाईट झालं तर?"

मला इतका संताप आला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून बाकावर बसली, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, कंबर मोडली माझी. भरा ना लवकर."

सासूबाईंनी कुंकू लावलं. अर्धं नाकावर सांडलं. तांदूळ घातले, नारळ ठेवला. बाकीच्या बायकांनी आपापल्या दारातून गाणी म्हटली, बेसूर पण दणदणीत. मीही म्हटली, मास्कमधून.

पाणी ओसरल्यावर, घरी पाठवण्याआधी सगळ्यांची तपासणी झाली. भाजीवाली मावशी पॉझिटिव्ह निघाली. पुढे कोविड सेंटरमध्ये राहून ठणठणीत होऊन आली आणि वर मलाच भांडली. सून मात्र निगेटिव्ह. हे सांगायला मी चौथीच्या दाराशी गेले, तेव्हा सासूबाई सतरंजी घडी करत होत्या. त्या थांबल्या, स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"बरं झालं हो बाई," त्या म्हणाल्या, "माझाच हात लागला."