डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेली मामी

माझी मामी पडद्यांच्या दुकानात कामाला होती. पुढे मालकिणीचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे, मागे एक लांबट खोली. तिथे दोन मशिनं, कापायचं मोठं टेबल आणि खिडकीखाली मामीची खुर्ची. मशीनवर जे होत नाही ते सगळं हातकाम तिच्याकडे यायचं. पडद्याची खालची दुमड ती अशी घालायची, की टाका बाहेरून शोधूनही सापडू नये. दुपार झाली की सुई उशीला टोचायची आणि घराकडे पळत सुटायची, कारण घरी आजी होती.

आजीला झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सकाळी शेजारच्या काकू बसायच्या तिच्याजवळ, पण बाकीचा सगळा दिवस मामीचा. उठवणं, बसवणं, भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं. मामा मालट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी असला तरी झोपलेला असायचा. आणि माझी आई, म्हणजे आजीची सख्खी मुलगी, त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. येत नव्हती असं नाही. पण पाहुण्यासारखी यायची. फळं आणायची, आजीच्या केसांवरून हात फिरवायची, "वहिनी, आईची नखं वाढलीत गं," असं म्हणायची आणि चपला घालायची. हे मी आज आईच्या तोंडावरही बोलते, आणि ती ऐकून घेते.

एका बुधवारी दुकानाला रंग द्यायचा होता, म्हणून सगळ्यांना सुट्टी मिळाली. दुकानात कापड बेतणारी एक बाई होती, तिला सगळे कात्री म्हणायचे. हातात कात्री आणि तोंडातही तीच. तिचं खरं नाव मालकीणही विसरली होती. ती मामीला म्हणाली, "बुधवारी समुद्रावर जाऊ या. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी परत."

"आईंना कोण बघणार?"

"का? तुझी नणंद काय शोभेला ठेवलीय?"

मामीनं त्याच संध्याकाळी आईला फोन केला. समुद्राचंच सांगायचं असं तिनं मनाशी घोकलं होतं. पण आईनं फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "काय गं, काय झालं?" त्या आवाजातच कपाळावरची आठी दिसत होती. मामीच्या तोंडातले शब्द वळले.

"ताई, बुधवारी याल का? डोळे दाखवायचेत. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, सगळा दिवस मोडेल."

"डोळे?" आईचा आवाज एकदम खाली आला. "येते मी. तू जा."

इतकं सोपं असेल असं मामीला वाटलं नव्हतं.

बुधवारी ती निघाली तेव्हा तिनं पिशवीत जुने चष्म्याचे कागदही घेतले होते, आईनं बघावे म्हणून. बसमध्ये कात्रीनं ते पाहिले आणि इतकी हसली की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. मामीला हसू आलं नाही. पण घाट संपला, खिडकीतून खारट वारा आला, आणि दोन टेकड्यांच्या मधे ती निळी पट्टी दिसली, तेव्हा तिनं कात्रीचा दंड घट्ट धरला. लहानपणी एकदा पाहिलेला समुद्र. लग्नानंतर कधीच नाही.

धक्क्यावर मासे तळून देणाऱ्या टपऱ्या होत्या. टपरीवाली कढईतून मासा काढायची, कागदावर ठेवायची आणि वर लिंबू पिळून हातात द्यायची. दोघी लाकडी बाकावर बसल्या. पहिल्या घासाचा मामीच्या जिभेला चटका बसला आणि ती थांबली.

"काय झालं? काटा?" कात्रीनं विचारलं.

"नाही. गरम आहे."

घरी ती आधी आजीला भरवायची. एकेक घास मऊ करून, तो गिळेपर्यंत थांबून. तिचं स्वतःचं ताट तोवर गारढोण झालेलं असायचं. गरम जेवणाची चव कशी असते ते ती विसरूनच गेली होती. तिनं तो मासा बोटं चाटून संपवला आणि आणखी एक मागवला.

दुसरा मासा अर्धा झाला असेल नसेल, तोच आईचा फोन आला.

"लागला का गं नंबर?"

"अजून नाही ताई. गर्दी आहे खूप."

तेवढ्यात टपरीवालीनं आरोळी ठोकली, "ताजी कोळंबी! गरमागरम कोळंबी!"

"काय गं ते?" आईनं विचारलं.

"कॅन्टीन," मामी म्हणाली. "कॅन्टीनपाशी बसलेय."

"खाऊन घे काहीतरी. उपाशी राहू नकोस. आईची काळजी करू नकोस, मी आहे."

कात्रीनं तोंडात घास असतानाच हसू दाबलं आणि तिला ठसका लागला. मामीनं उरलेला मासा कागदात गुंडाळला. मग तो उलगडला आणि खाल्ला. पण आता त्याची चव लागत नव्हती.

तिथल्या बाजारात शंखांच्या फ्रेमचे आरसे, बाटलीत कोंबलेली जहाजं, गवती टोप्या, रंगीत मण्यांच्या माळा असं सगळं टांगलेलं होतं. एका दुकानात लोकरीची एक शाल मामीनं हातात घेतली. इतकी मऊ, की आजीच्या खांद्याला टोचली नसती. घ्यावी असं तिच्या अगदी मनात आलं. पण डोळ्यांच्या दवाखान्यात शाली मिळत नाहीत. घरी नेऊन काय सांगणार? तिनं घडी पुन्हा जशीच्या तशी घालून ठेवली. खोटं बोलल्यामुळे आता दुसऱ्या कुणासाठी काही घेण्याची सोयच उरली नव्हती. शेवटी तिनं स्वतःला एक रुंद काठाची गवती टोपी घेतली आणि दुकानाच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. छान दिसत होती. त्याचाच तिला जास्त राग आला.

पाण्यात पाय भिजवून झाल्यावर दुपारनंतर त्या बोटीत बसल्या. दीपगृहाच्या खडकाला वळसा घालून परत आणणारी छोटी बोट होती. खडकावर काळे पक्षी पंख पसरून वाळवत बसले होते. लाट आली की बोट वर जायची आणि पोटात खड्डा पडायचा. बोटीतल्या बायका ओरडायच्या आणि त्यांच्यात मामीही ओरडत होती, मोकळ्या गळ्यानं. धक्का जवळ यायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की चढल्यापासून आजीची एकदाही आठवण आली नव्हती. औषधाची वेळ टळली की काय, कूस बदलली की नाही, काही म्हणजे काही नाही.

उतरल्यावर तिनं टोपी काढून कात्रीच्या डोक्यावर ठेवली. "तूच ठेव. मला कुठे घालायचीय?"

ती घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. कॉलेज सुटल्यावर मीही तिथेच गेले होते. दार आईनं उघडलं. आजीच्या खोलीतला दिवा तिनं मंद केला होता, मामीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. दुधाचा पेला झाकून ठेवला होता. आईनं मामीची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला.

"औषध घातलं वाटतं. बघ, किती लाल झालेत डोळे." मग तिचं लक्ष नाकाकडे गेलं. तेही लाल होतं. "रडलीस का गं, वहिनी?"

मामीनं मान हलवली, पण आईचं लक्षच नव्हतं. ती खुर्चीवर बसली आणि दिवसभर साठलेलं सगळं बोलायला लागली. आजीला उचलताना तिची कंबर कशी भरून आली. भरवताना आजीला कसा ठसका लागला. "मी एका दिवसात मेले गं. तू हे रोज करतेस, आणि वर ते टाके घालतेस. डोळे जातील नाहीतर काय होईल? मी ठरवलंय. आता दर रविवारी मी येणार. तू नुसतं डोळे मिटून पडायचं. बघू नकोस माझ्याकडे अशी, येणार म्हणजे येणार."

मामी पलंगाच्या कडेवर बसली. दुधाचा पेला तिच्या हातात होता, पण तिनं तो तोंडाला लावला नाही.

"ताई, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"असं म्हणाले डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलेच नाही मी. समुद्रावर गेले होते. कात्रीबरोबर."

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी दुपारी घास गिळला नाही," ती सावकाश म्हणाली. "तू आंधळी होशील या भीतीनं."

"आणि मी मासे खाल्ले," मामी म्हणाली. "दोन वेळा."

मला हसू फुटलं. आईनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ते आल्या वाटेनं परत गेलं.

"मला सरळ सांगता आलं नसतं? समुद्रावर जाते म्हणाली असतीस, तर मी आले नसते असं वाटलं तुला?"

मामीनं पहिल्यांदाच मान वर केली. "आला असतात, ताई?"

आईनं भिंतीकडे बघितलं. "नसते आले बहुतेक," ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. आजी काहीतरी म्हणत होती. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागायचा. "गा... र?"

"काय, आई?" मामी वाकली.

"पा... णी. गार?"

"हो, आई. गार होतं. पायाखालची वाळू सरकत होती सारखी."

आजीच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. ती हसत होती. मामीनं दुधाचा पेला खाली ठेवला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. आजी चिडली असती तर बरं झालं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

घरी जाताना आई आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबली. "आई धडधाकट होती तेव्हा मी तरी कुठे नेलं तिला समुद्रावर," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कुणास ठाऊक.

पुढचे दोन रविवार ती फिरकली नाही. मामीनंही फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी सकाळीच आईनं डबा भरला आणि मला घेऊन निघाली. मामीनं दार उघडलं तशी आई म्हणाली, "जा. कुठे जायचं ते जा. मला सांगत बसू नकोस, सांगितलंस तर चिडेन. आणि खोटं सांगितलंस तर त्याहून चिडेन."

त्या दिवशी मामी गेली ती गल्लीच्या टोकाच्या बागेतल्या बाकापर्यंतच. तासाभरात परत आली. आईनं तिला पुन्हा बाहेर हाकललं. हळूहळू तिला लांब जाण्याची सवय झाली. कात्रीबरोबर सिनेमाला जायची, कधी बाजारात नुसती भटकायची. पण परत आली की चपला काढण्याआधी तिची नजर आजीच्या पलंगाकडे जायची, चोरासारखी. समुद्रावर मात्र ती पुन्हा गेली नाही.

आजी पुढच्या थंडीत गेली. भेटायला येणारा जो तो मामीचं कौतुक करत होता. आईनं तर सगळ्यांसमोर तिचा हात हातात घेतला. "माझ्या हातून झालं नाही ते हिनं केलं. एका शब्दानं कुरकुरली नाही कधी." मामी झटकन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, कप विसळायचं निमित्त करून.

"त्यांना सांग, गप्प बसा म्हणावं," ती म्हणाली.

"खरंच तर बोलतायत, मामी."

"तुला काय माहीत?" तिनं नळ बंद केला. "त्या दिवशी बोटीत मला वाटलं होतं, आपल्याला घरच नसतं तर. कुणी नसतं तर. अशीच बसले असते, परत जायलाच नको. आईंची आठवण आली नाही हे मी तुला सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं."

"पण परत आलीस ना तू," मी म्हणाले.

"शेवटची बस होती म्हणून आले," मामी म्हणाली.

तिचा चेहरा अगदी गंभीर होता. मी हसले नाही. बाहेरून कुणीतरी चहा मागितला, तशी तिनं हात पुसले, कप ट्रेमध्ये लावले आणि बाहेर गेली.