शुभांगीचा समुद्र अन् आमच्या गॅरेजची माती

आज मी लय जळली, खोटं कायले बोलू.

एमएस्सीची माझी मैत्रीण शुभांगी गोव्यात समुद्रातल्या जिवाणूंवर काम करते. सकाळी तिनं व्हिडिओ कॉलवर एक नळी दाखवली. जिवाणूंनी स्वतःच साबणासारखं काहीतरी बनवलं होतं, अन् पाण्यावरच्या तेलाचे फुटून बारीक थेंब झाले होते.

आई मागून म्हणाली, "पाय बरं, कुठं पोचली पोरगी." मी इथं वणीत अकरावीच्या फळ्यावर खडूनं जिवाणू काढते.

मग शुभांगी म्हणाली, "तुझ्या बाबांच्या गॅरेजमधली डिझेल सांडलेली माती पाठव ना. तिच्यातबी असे जिवाणू भेटतीन."

लहानपणापासून त्याच मातीत माझ्या चपला खराब झाल्या, पण मले कधी सुचलं नाही.

दुपारी त्या मातीनं एक डबा भरला. कुरिअरच्या दुकानापर्यंत गेली, पण वाटलं, ही माती आपणच तपासावी, अन् डबा परत आणला. आता तो माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, वर माझ्या नावाची चिठ्ठी लावून.

तुम्ही पाठवला असता का?