भिकुबाईनं कागद वाचला

भिकुबाईच्या दोन्ही अंगठ्यांवर रेषा उरलेल्या नाहीत. चाळीस वर्षं विस्तवातली वांगी हातानं सोलून त्या झिजून गेल्या. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं, तेव्हा ते तिला ओळखेना. दुकानदार म्हणाला, "अक्का, यंत्र सांगतंय, तू या जगातच नाहीस." ती म्हणाली, "मंग धान्य बी त्या यंत्रालेच दे, खाई लेवो," आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली.

मी तेव्हा पोस्टातून नुकताच निवृत्त झालो होतो. गावात मला मास्तर म्हणतात ते पोस्टमास्तर म्हणून. शिकवण्याचा अनुभव शून्य.

"मास्तर, माले सही शिकाडा."

यंत्रापुढं सहीचा काही उपयोग नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. "यंत्राले नही, माले पाह्यजे," ती म्हणाली.

सही पंधरा दिवसांत आली. मग तिनं विचारलं, "जेना खाली सही करनी, ते वाचता नको का येवाले?" त्याला दोन वर्षं लागली. अक्षराखाली बोट धरून, मोठ्यानं उच्चार करत ती वाचायची. मनात वाचायला मी शिकवलं नाही, कारण ते कसं शिकवतात हे मला ठाऊक नव्हतं. आजही ती मोठ्यानंच वाचते. माझ्या शिकवण्यातली ही उणीव पुढं फार मोठी गोष्ट करून गेली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव एरंडोलपासून आठ-नऊ किलोमीटरवर. हिवाळ्यात इकडं सभा असो, निवडणूक असो की कुणाचा सत्कार, पंगत भरताची. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मुसळानं ठेचायची, मग मिरची-लसणाची फोडणी, शेंगदाणे आणि कांद्याची पात. हजार माणसांचं भरीत एका चवीचं करणं पंचक्रोशीत भिकुबाईलाच जमतं. तिला हे पहिलं काम दिलं ते हिलालआप्पांनी.

हिलालआप्पा म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. भिकुबाईचा नवरा वारला तेव्हा ते तिच्या घरी आले आणि सतरंजी बाजूला सारून जमिनीवर बसले. "अक्का, तुझा हात चांगला आहे, तू कुणापुढं हात पसरायचा नाही," असं म्हणाले. ती हे कधी विसरली नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅब पडला. एक मुलगा जागीच गेला. सारिकाच्या मुलीचा, भूमिकाचा, डावा पाय कायमचा आखडला. खोली बांधली होती आप्पांच्या माणसांनी, आणि काम नीट झाल्याच्या कागदावर सही आप्पांची होती. सारिकानं फिर्याद दिली. भिकुबाई हातपंपावर तिच्या अंगावर धावून गेली होती. "आप्पानी काय सोताना हातनी स्लॅब पाडा का व? देवमानूसले कोर्टात उभं करस तू!" तेव्हापासून शेजारी राहूनही दोघी बोलत नव्हत्या.

गेल्या जानेवारीत निकालाची तारीख लागली. आप्पा सुटणार याविषयी कुणाला शंका नव्हती. इतकी नव्हती, की निकाल अकराला आणि विजयाची पंगत एकला, असं आदल्या आठवड्यातच ठरलं. हजार माणसांचं भरीत एकला वाढायचं, तर जाळ पहाटेच लावावा लागतो. म्हणजे न्यायाधीश खुर्चीवर बसायच्या आत आमची वांगी भाजून होणार होती. हे कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

निकालाच्या दिवशी पहाटे आप्पांच्या मळ्यात आम्ही वीस-पंचवीस जण होतो. मी सोलणाऱ्यांत. साडेसहाच्या सुमारास शाल पांघरून आप्पा जाळापाशी आले. हात शेकले.

"अक्का, मिरची जरा जास्त घाल आज. लोकांना आनंदानं घाम फुटला पाहिजे."

"घालस ना आप्पा. तुम्ही लवकर या, गरम वाढसू."

आप्पा हसले आणि मागच्या फाटकाकडं गेले. मी काड्यांचा भारा आणायला तिकडंच गेलो होतो. फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी होती, गावात कधी न पाहिलेली. आप्पांच्या पुतण्यानं, दीपकनं, मागं दोन मोठ्या बॅगा ठेवल्या. आप्पांनी स्वतःचा फोन काढून त्याच्या हातात दिला. गाडी सडकेला लागली. कोर्टाचा रस्ता उजवीकडं होता. गाडी डावीकडं, धुळ्याच्या दिशेला वळली.

मी वळून पाहिलं तर भिकुबाई माझ्यामागं उभी. तिनंही सगळं पाहिलं होतं.

"काही काम व्हई," ती म्हणाली. "येतीन."

मी काहीच म्हणालो नाही. ही माझी जुनी सवय आहे.

साडेदहाला बातमी फुटली. आप्पा घरी नाहीत, कोर्टात नाहीत, फोन लागत नाही. सोलणाऱ्यांचे हात थांबले. एक म्हातारा रडायलाच लागला. कुणी म्हणालं, विरोधकांनी उचललं. कुणी म्हणालं, बरं केलं, तुरुंगात सडण्यापेक्षा. स्वप्नील नावाचा आप्पांचा एक तरुण कार्यकर्ता आहे, रोज मोबाईलवर जगाच्या बातम्या वाचणारा. तो छाती पुढं काढून म्हणाला, "यात लाज कसली? थायलंडची पंतप्रधान राहिलेली बाई, ती निकालाआधी देश सोडून गेली. मोठी माणसं अशीच असतात!"

भिकुबाईचं मुसळ चालूच होतं. तिनं वर न पाहता विचारलं, "तिना लोक कोठे व्हतात त्या दिनले?"

"कोर्टाबाहेर. तिची वाट बघत."

"उन्हात?"

"असतील."

"मंग ती मोठी कसी रे भो?"

स्वप्नीलनं फोन खिशात घातला.

तेवढ्यात दीपक जीप घेऊन आला. तो सरळ भिकुबाईपाशी गेला. "अक्का, आप्पांना वाचवायचंय. एक सही पाहिजे. तू पहाटेपासून इथं होतीस आणि तू खोटं बोलत नाहीस हे तालुक्याला माहीत आहे. चल."

ती हात न धुताच उठली. "मास्तर, तुम्ही बी चला," म्हणाली. मी गेलो.

जीपमध्ये दीपकनं समजावलं. सात वाजता आप्पांच्या छातीत कळ आली, अक्कानं पाणी पाजलं, मग त्यांना दवाखान्यात हलवलं. तसं प्रतिज्ञापत्र तयार आहे. ते दिलं की आजची गैरहजेरी माफ होईल, वॉरंट निघणार नाही.

"कोनता दवाखाना?" तिनं विचारलं.

"ते वकीलसाहेब लिहितील."

"ठीक शे," ती म्हणाली आणि एरंडोल येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मला वाटलं ती सही करणार. खरं सांगायचं तर, तिनं ती करून टाकावी आणि हे सगळं मिटावं, असंच मला वाटत होतं. आप्पांशिवाय तिला काम देणारं कोण होतं? तालुक्यातली प्रत्येक पंगत त्यांच्या नाहीतर त्यांच्या पाहुण्यांच्या शब्दावर ठरायची. हा हिवाळा गेला तर तिचं वर्ष गेलं.

कोर्टाच्या आवारात तीनशे तरी माणसं असतील. हार आणलेले. डफवाले डफ मांडीवर घेऊन बसलेले. समोरच्या भिंतीलगतच्या पायरीवर सारिका आणि भूमिका, दोघीच. निंबाच्या झाडाखाली नोटरीचं टेबल होतं. आप्पांच्या वकिलांनी कागद पुढं सरकवला. "आजी, इथं सही."

भिकुबाईनं कागद हातात घेतला. राखेचं बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.

"मी... भिकुबाई... वय वर्षे... पासष्ट..."

"आजी, वाचायची गरज नाही. मी सांगतो ना."

"सही मनी शे ना? मंग वाचू द्या."

"बरं, पण मनात वाचा."

"मनमा येत नही. मास्तरनी तसं शिकाडंच नही."

आजूबाजूची माणसं हसली आणि ऐकायला जवळ सरकली. वकिलांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. दीपक म्हणाला, "अक्का, वेळ नाही." तिचं बोट पुढं सरकत होतं. "सत्य... प्रति-ज्ञे-वर... लिहून देते की..." माणसं तिच्याभोवती कडं करून उभी राहिली. आप्पांची काहीतरी खबर या कागदात असणार, असं त्यांना वाटत असावं. डफवालेही उठून आले.

"सकाळी सात वाजता... माननीय आप्पासाहेबांच्या... छातीत कळ... आल्याने... मी स्वतः त्यांना... पाणी... पाजले."

तिथं बोट थांबलं.

"मी पाणी पाजं नही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, वाचतानाचाच होता. "त्यास्नी माले मिरची जास्त घालाले सांगं. आनि पावणेसातले धुळ्याना रस्त्यानं निंघी ग्यात. दोन बॅगा लिसन. छातीत कळ येल मानूस बॅगा भरस का हो वकीलसाहेब?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. एका बाईनं हातातला हार खाली ठेवला.

दीपकनं कागद हिसकावला. "अक्का, कोणाचं मीठ खाल्लं तू?"

"मीठ मी टाकस रे भो. चाळीस वरीसपासून. खातस तुम्ही."

"उद्यापासून तुला कोण बोलावतं तेच बघतो."

"देख," ती म्हणाली. "बठ्ठा तालुकाले सांग. भिकुबाईले बोलावू नका. पन हाऊ कागद खोटा शे."

आणि ती गर्दीतून चालत समोरच्या भिंतीकडं गेली. लोकांनी वाट दिली. सारिका उठून उभी राहिली, जरा घाबरूनच. भिकुबाई म्हणाली, "हातपंपवर मी तुले बोलनू, ते बठ्ठं माघारी लेस." सारिकानं पायरीवरची आपली पिशवी उचलून काखेत घेतली. भिकुबाई मोकळ्या झालेल्या जागेवर बसली.

पुढं सरकारी वकील तिला आत घेऊन गेले. न्यायाधीशांपुढंही तिनं तेच सांगितलं, बॅगांसकट. दवाखान्याचं नाव आप्पांच्या वकिलांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. गैरहजेरी माफीचा अर्ज फेटाळला आणि वॉरंट निघालं. बाहेर आल्यावर पोलिसांनी तिचा जबाब लिहून घेतला. "गाडी जाताना आणखी कुणी पाहिलं का?" असं विचारलं. ती म्हणाली, "जेनी देखं तो सांगी." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी दोनदा खाकरलो आणि माझं नाव सांगितलं. त्याहून जास्त मी या गोष्टीत काही केलेलं नाही.

संध्याकाळी मळ्यावर गेलो, तर रागानं कुणी बडग्या उपड्या केलेल्या आणि भरीत मातीत. ते पाहून भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरात पहिल्यांदा. "मानूस पयी ग्या तर ग्या," ती म्हणाली, "पन रांधेल अन्न कसाले सांडाचं?"

दीपकनं शब्द खरा केला. त्या हिवाळ्यात तिला एकाही पंगतीचं बोलावणं आलं नाही. गावात निम्मी माणसं तिला पाहून तोंड फिरवतात. चहाच्या टपरीवरची पोरं ओरडतात, "ओ जज्जबाई!" ती उभी राहते. "हां, काय गुन्हा करा तू? सांग." पोरं पळतात. हल्ली ती एरंडोलच्या बसस्थानकाबाहेर एका टोपलीत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन बसते. दुपारपर्यंत टोपली रिकामी होते, कधी होत नाही.

आप्पा अजून सापडलेले नाहीत. निकालही लागलेला नाही. तारीख पडते, पुढं जाते. प्रत्येक तारखेला सारिकाबरोबर भिकुबाई जाते. तिचं तिथं काही काम नसतं. मागच्या बाकावर बसते. नाव पुकारायची वेळ झाली की शिपाई दारात येऊन आप्पांचं पूर्ण नाव मोठ्यानं तीनदा पुकारतो. पहिल्याच तारखेला भिकुबाई बाकावरून म्हणाली, "नही येल! लिखी ल्या!" आलेला नाही, तसं लिहून घ्या, असं तिचं म्हणणं.

शिपाई खेकसला, "बाई, तुम्हाला नाही विचारलं."

"मंग कोनले इचारं? तो तर नही."

दुसऱ्या तारखेलाही तसंच झालं. शिपायानं तिला बाहेर काढायची धमकी दिली, ती पदर सावरून बसून राहिली.

गेल्या महिन्यातल्या तारखेला मीही गेलो होतो. शिपाई दारात आला. त्यानं आप्पांचं नाव एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. मग बाहेरच्या व्हरांड्याकडं न बघता तो वळला आणि मागच्या बाकाकडं बघत थांबला.

"नही येल," भिकुबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि आत जाऊन तसं सांगितलं.